सेफ्टीवाला लिंबाजी

ट्रॅक्टरवर चढण्याआधी चपला काढून बाजूला ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. लिंबाजी. जोडवाडीच्या सोसायटीत मी गटसचिव म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी गोदामापुढं हा प्रकार दिसला. मला वाटलं, माणूस भाविक आहे, यंत्राला देव मानतो. मी आपला कौतुकानं म्हणालो, "वा, श्रद्धा असावी तर अशी." तर तो वरूनच म्हणाला, "श्रद्धा कसली सायब. क्लच किती दबला ते तळपायाला कळाया पाहिजे. चप्पल मधी आली की कळत न्हाई."

पहिल्याच दिवशी माझी अशी जिरली. पुढं सात वर्षं ती अधूनमधून जिरतच राहिली, आणि मजा अशी की मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

लिंबाजी सोसायटीचा ट्रॅक्टर चालवायचा आणि दुरुस्तही करायचा. अंगानं किरकोळ, मिशा मात्र दोन माणसांच्या. लोक खिशाला पेन लावतात, हा दहा-अकराचा पाना लावायचा. लग्नाला गेला तरी पाना खिशात. नवरदेवाला टिळा लावायला वाकला की पाना पाटावर पडायचा, मग वऱ्हाडातली माणसं वधूवर सोडून याच्याकडं बघायची. बायको वैतागून म्हणायची, "आवो, आजच्या दिवस तरी घरी ठिवा." हा म्हणायचा, "आन् कुणाचं काय ढिलं निघालं मंग?"

ट्रॅक्टर बंद पडला, असं त्याच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "बंद न्हाई पडला. विचारात पडलाय," असं तो म्हणायचा आणि बाजूला बिडी पेटवून स्वतःही विचारात पडायचा. आपण गडबड केली की त्याचा एक ठरलेला प्रश्न होता. "घाई तुमाला हाय का ट्रॅक्टरला?" आता याला काय उत्तर द्यायचं? मी सचिव, मला कायमच घाई.

ट्रॅक्टर खरं तर सभासदांच्या नांगरटीसाठी घेतलेला. पण लागोपाठ दोन वर्षं पावसानं दडी मारली आणि नांगरायला काही उरलंच नाही. पाऊस पडला नाही की आमच्याकडं दोन गोष्टी वाढतात, टँकर आणि मीटिंगा. ट्रॅक्टरला टँकर जोडला गेला आणि लिंबाजी गावाचा पाणीवाला झाला. तहसीलनं धारूरच्या रस्त्याला एक विहीर ताब्यात घेतली होती. तिथून दिवसाला तीन खेपा.

आता त्या सेफ्टीचं सांगतो, कारण सगळी भानगड तिथंच आहे. मलाही ती माझ्या मूर्खपणामुळंच कळली.

एका सकाळी लिंबाजी टँकरच्या कागदांसाठी केजला गेला होता. ट्रॅक्टर गोदामाच्या दारात आडवा उभा आणि खताची गाडी आत घ्यायची होती. मी म्हटलं, एवढं काय त्यात, आपण शिकले-सवरलेले आहोत. चढलो, चाबी फिरवली. काही नाही. हॉर्न वाजतो, दिवे लागतात, पण इंजिन ढिम्म. पुन्हा फिरवली, चांगली मनगट दुखेस्तोवर फिरवली. शेवटी केजच्या एका मेकॅनिकला फोन लावला. तो बिचारा पिशवी घेऊन जीपनं आला, आणि त्याच जीपमधून लिंबाजीही उतरला.

लिंबाजीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सायब, क्लच दाबलता का?"

"दाबला होता की."

"किती?"

"दाबतात तेवढा."

त्यानं चपला काढल्या, वर बसला, पायडल पार खाली नेलं, चाबी फिरवली. ट्रॅक्टर सुरू. मेकॅनिक माझ्याकडं बघून इतका गोड हसला की मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

लिंबाजीनं मला खाली वाकायला लावून दाखवलं. क्लचच्या पायडलजवळ अंगठ्याएवढं एक बटण असतं. पायडल पूर्ण दबलं की ते बटण दबतं आणि मगच स्टार्टरला करंट जातो. म्हणजे ट्रॅक्टर चुकून गियरमध्ये असला आणि कुणी चाबी फिरवली, तरी तो उडी मारत नाही. याला म्हणायचं सेफ्टी. आमच्या ट्रॅक्टरला एकच खोड होती. ते बटण ज्या पट्टीवर बसवलेलं, तिचा नट थरथरीनं ढिला व्हायचा. पट्टी सरकली की तुम्ही कितीही दाबा, बटणापर्यंत दाब पोचायचाच नाही. म्हणून लिंबाजी रोज सकाळी पहिल्या खेपेआधी ट्रॅक्टरखाली उताणा पडून तो नट आवळायचा. गावाची सकाळ त्याच्या बाहेर आलेल्या दोन पायांनी व्हायची.

आमच्या भागात असल्या बटणाला कुणी विचारत नाही. ते त्रास द्यायला लागलं की त्याच्या दोन तारा तोडायच्या, एकमेकीला पिळायच्या, वर चिकटपट्टी. याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. मग क्लच दाबायची गरज नाही, वर चढायचीही गरज नाही. खाली उभं राहूनच हात घालून चाबी फिरवायची आणि आपण लई हुशार असं समजायचं. लिंबाजीकडं कुणी ट्रॅक्टर डायरेक्ट करून मागायला आला की तो तिथल्या तिथं बहिरा व्हायचा. दुसरं कुठलंही काम सांगा, जेवण सोडून येईल. डायरेक्ट म्हटलं की ऐकूच जायचं नाही. म्हणून लोकांनी त्याचं नाव सेफ्टीवाला पाडलं. पोरंटोरं नाही, चांगली पिकल्या केसांची माणसं त्याला चिडवायची, "कावून रं सेफ्टी, घरात बायकोला हाक मारायची तरी क्लच दाबतूस का?" हा शांतपणे म्हणायचा, "दाबावाच लागतो."

दुपारच्या खेपेनंतर तो फाट्यावर भगवानच्या हॉटेलात चहाला थांबायचा. हॉटेल म्हणजे चार पत्रे आणि दोन बाकडी. भगवानचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, कुबडी घेऊन तो भट्टीपुढं उभा असायचा. दोघं पूर्वी ऊसतोडीच्या मोसमात एकाच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. "पाय कारखान्यावर राहिला," एवढंच भगवान सांगायचा, आणि सांगताना हसायचा. मी विचारायचो नाही. एक गोष्ट मात्र मला खटकायची. सगळ्या गावाशी चेष्टा करणारा लिंबाजी तिथं गेला की बाकड्याच्या टोकाला बसून बशीत बघत चहा प्यायचा. पाऊण तास बसेल, पण दहा शब्द बोलणार नाही.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. चेअरमननी मला टँकरबरोबर विहिरीवर पाठवलं, खेपा खरंच तीन होतात का बघायला. चेअरमनना सगळे आबा म्हणायचे. आबांची जमीन मोठी, आवाज त्याहून मोठा. मनानं तसा माणूस वाईट नव्हता, पण आपण सांगितलेलं कुणी ऐकलं नाही की त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

टँकर भरला. लिंबाजी वर बसला, पायडल दाबलं, चाबी फिरवली. काही नाही. तो खाली उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पडला, सायब."

"कोण पडला?"

"नट. सकाळी आवळलता मी. आटेच गेल्यात वाटतं त्याचे. रस्त्यात कुटंतरी पडला."

आता नऊ मैलांच्या रस्त्यात बोटाच्या पेराएवढा नट कुठं शोधणार. गावात बाया सकाळपासून घागरी रांगेला लावून बसलेल्या. पट्टी तारेनं बांधून बघितली, पायडल दाबलं की तार सैल व्हायची. एवढ्यात धुरळा उडवत आबांची जीप आली. ते केजला निघाले होते.

"काय झालं बे लिंब्या?"

लिंबाजीनं सांगितलं.

"मंग तारा जोड की. डायरेक्ट कर आन् चल. गावात बाया बोंबलायल्यात तिकडं."

"जोडत न्हाई, आबा."

"कावून?"

"मला जमत न्हाई."

"दोन तारा पिळाया जमत न्हाईत? मिस्त्री म्हणवून घेतूस ना? सर बाजूला, मी जोडतो."

लिंबाजीनं चाबी काढून सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली. आबांसमोर असं कुणी वागलेलं मी पाहिलं नव्हतं. लिंबाजी जीपच्या पुढं जाऊन उकिडवा बसला आणि निरखून बघायला लागला.

"आबा, तुमच्या नंबरपाटीला दोन नट हायेत. एक द्या. पाटी एकावर बी राहती."

आबा काही बोलायच्या आत खिशातला पाना बाहेर आला. जीपचा ड्रायव्हर आबांकडं बघतोय, आबा माझ्याकडं बघताहेत, मी विहिरीकडं बघतोय. नट निघाला. लिंबाजीनं तो ट्रॅक्टरखाली जाऊन बसवला, पट्टी बटणाला नीट भिडवून आवळली, वर येऊन पायडल दाबलं, चाबी फिरवली. ट्रॅक्टर सुरू झाला आणि जीपची नंबरपाटी मान टाकून लोंबायला लागली.

आबा तसेच केजला गेले. तहसीलच्या दारात चार माणसांनी त्यांना पाटीचं विचारलं, असं मागून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "येत्या सभेत विषय घ्या. ड्रायव्हर बदलणे. माझा भाचा रिकामाच हाय."

लिंबाजीला सभासदांच्या ठरावानं नेमलेलं, म्हणून काढायलाही ठराव लागणार होता. मी नोटीस टाइप केली. मी भित्रा माणूस, खोटं कशाला सांगू.

नोटीस वाचून लिंबाजी पायरीवर बसला. पहिल्यांदाच त्यानं मला घाईचा प्रश्न विचारला नाही. त्याची एकुलती पोरगी, सुमन, दहावीला जाणार होती. कारखान्यावरची ड्रायव्हरकी सोडल्यावर बरीच वर्षं नवरा-बायको दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे आणि पोरीची अर्धी शाळा उसाच्या फडात जायची. ट्रॅक्टर मिळाला तेव्हापासून ते थांबलं होतं. "ट्रॅक्टर गेला की पुन्ना कोयता घ्यावा लागतो, सायब," तो म्हणाला. "आमचं काय न्हाई. सवय हाय आमाला. पण तिला एकटीला मागं ठिवता येत न्हाई, आन् नेलं तर दहावी गेली."

"मग आबांची माफी मागा. एकदा म्हणा, यापुढं डायरेक्ट करीन."

"तेवढं सोडून काय बी म्हणतो."

मला राग आला. खरंच आला. दोन तारांपायी पोरीचं वर्ष घालवणारा हा कसला बाप, असं मी घरी बायकोलाही बोलून दाखवलं.

सभा गोदामात भरली. खताच्या रिकाम्या पोत्यांवर सभासद बसले. बाहेर टँकर उभा होता, त्यामुळं बायाही घागरी घेऊन दारात जमल्या होत्या. त्यांच्यातली एकही सभासद नव्हती, पण हलायला तयार नव्हती. आबांनी विषय मांडला. ड्रायव्हर उद्धट आहे, ऐकत नाही, गावाला पाण्यावाचून ताटकळत ठेवतो. त्यातलं शेवटचं खरंच होतं. सुमनची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो.

कुबडीचा आवाज आला म्हणून वर बघितलं. भगवान. फाट्यावरून इथपर्यंत चालत आला होता, घामानं निथळत. त्याची दोन एकर जमीन होती, तो सभासद होता, पण सभेला कधी फिरकलेला नव्हता.

"बोलू का?" तो म्हणाला.

आबा म्हणाले, "बोल की."

"माझा पाय कसा गेला ते गावाला ठाव न्हाई. आज सांगतो. कारखान्यावर ऊस उतरवायला आमचा नंबर लागलता आन् ट्रॅक्टर सुरू होईना. ही असलीच सेफ्टी ढिली झालती. मी म्हणलो, लिंब्या, डायरेक्ट कर, नंबर जाईल. हा न्हाई म्हणत होता. मीच शिव्या घातल्या. मंग यानं तारा जोडल्या. दोन महिने झकास चाललं. खाली उभं राहूनच चाबी फिरवायचो मी. एक दिवस गियरमध्ये होता, मला ध्यान न्हाई राहिलं. मागचं चाक पायावरून गेलं."

लिंबाजीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

"तारा यानं जोडल्या, ही गोष्ट खरी," भगवान म्हणाला. "गावात एकच माणूस असा हाय की जो पुन्ना त्या जोडणार न्हाई. आबा, टँकर उभा ऱ्हातो तवा लेकरं त्याच्या चाकाखाली बसत्यात सावलीला. तुमीच बघितलंय. त्याला काढायचं तर काढा. पण भाच्याला आधी माझ्याकडं पाठवा. मी त्याला पाय दाखवतो."

मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग काढायलाव कावून त्याला?" आणि त्यानं हात वर केला. "ऱ्हाऊ द्या म्हणणारे, करा हात वर." एक, दोन, मग सगळे. दारातल्या बायांनीही हात वर केले, काहींनी घागरीसकट. कायद्यानं ते हात मोजता येत नव्हते. मी न मोजताच 'सर्वानुमते' लिहून टाकलं. सात वर्षांतलं माझं तेवढंच शौर्य.

आबा मुरलेले पुढारी. वारं कळलं तसा त्यांनीही हात वर केला आणि लिंबाजीला म्हणाले, "ऱ्हा बाबा. माझा नट तेवढा परत दे."

"तो आता गावाचा झाला, आबा," लिंबाजी म्हणाला. गोदाम हसलं आणि आबाही हसले.

बाहेर आल्यावर तो भगवानला म्हणाला, "कावून सांगितलंस? लोकायनी मला काय म्हणावं आता?"

भगवान म्हणाला, "रोज येतूस आन् सुतकात बसल्यावानी च्या पितूस. माझं गिऱ्हाईक पळतंय. आता सगळ्यायला कळलं. आता तरी तोंड उघड."

दुसऱ्या दिवशी फाट्यावरून जाताना मी बघितलं, तर लिंबाजी बाकड्याच्या मधोमध बसून जीपच्या पाटीची गोष्ट सांगत होता आणि भगवान भट्टीला हात टेकून हसत होता. सुमन दहावी झाली. तिचे पेढे त्यानं मला ट्रॅक्टरच्या सीटवर बसवून खायला लावले.

पुढं माझी बदली गेवराईकडं, उमापूरला झाली. बरीच वर्षं जोडवाडीला जाणं झालं नाही. निवृत्तीच्या कागदावर एक जुनी सही हवी होती म्हणून एकदा गेलो. लिंबाजीला पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं. फाट्यावर जीप थांबली. हॉटेलात भगवानची बायको होती. "भगवान कुठंय?" म्हटलं, तर तिनं मागच्या शेताकडं हात केला. "सकाळधरनं दोघायचं काय चाललंय देव जाणे. च्याला बी आले न्हाईत."

त्या वर्षी पाऊस बरा होता, जमीन काळीभोर दिसत होती. शेतात सोसायटीचाच जुना ट्रॅक्टर उभा होता. सोसायटीनं मोडीत काढला तेव्हा या दोघांनी मिळून तो घेतला होता. मागं नांगर जोडलेला. आणि सीटवर भगवान बसला होता. कुबडी बांधाला टेकवलेली.

जवळ गेल्यावर मला कळलं. क्लचच्या पायडलला एक लोखंडी दांडा जोडून वर सीटपर्यंत आणला होता. पायाऐवजी डाव्या हातानं तो दाबायचा. खाली ती पट्टी, ते बटण, आणि त्यावर एकावर एक दोन नट. लिंबाजी यापायी किती दिवस खपला असेल कोण जाणे. दांड्याला हाताच्या जागी सायकलची मूठ बसवली होती, भगवानच्या हाताला लोखंड टोचू नये म्हणून.

लिंबाजी पार पिकला होता. मी हाक मारली. त्यानं वळून न बघता हात वर करून मला थांबवलं.

"सायब, बसा जरा. पहिलाच दिवस हाय त्याचा."

भगवाननं दांडा पार खाली दाबला आणि चाबी फिरवली. ट्रॅक्टर सुरू झाला. त्यानं दांडा हळूहळू सोडला तसा नांगर जमिनीत गेला आणि पुढं सरकला. लिंबाजी जागेवरून हलला नाही. त्याचे ओठ मात्र हलत होते, मनातल्या मनात तोच क्लच सोडत असावा. भगवान शेताच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला आणि आमच्यापुढं थांबला. तोंडभर धूळ, धुळीत दात तेवढे पांढरे.

"कसं आलं रं?" त्यानं वरून विचारलं.

मी बघितलं. नांगराचं ते पहिलं तास, म्हणजे नांगरटीची रेघ, असं वाकडंतिकडं आलं होतं की दोन ठिकाणी बांधाला जाऊन भिडलं होतं. लिंबाजीनंही ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"लई सरळ आलं," तो म्हणाला.